पिओ देल रिओ-ओर्तेगा

पिओ देल रिओ-ओर्तेगा (जन्म : ५ मे १८८२, पोर्तियो, स्पेन, मृत्यू : १ जून १९४५, ब्वेनोस आइरेस, आर्जेन्टिना) हे स्पॅनिश वैद्यक, ऊतिशास्त्रज्ञ आणि मेंदूच्या सूक्ष्मरचनेचे संशोधक होते. मेंदूला इजा झाल्यावर मृत पेशींचे अवशेष उचलून जागा स्वच्छ करणाऱ्या मायक्रोग्लिया या पेशी त्यांनी १९१९ साली निश्चितपणे ओळखल्या व त्यांना नाव दिले. चेतातंतूंभोवती मेदावरण तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोग्लिया या पेशींचाही शोध त्यांच्याच नावावर आहे. सांतियागो रामोन इ काहाल यांनी उभारलेल्या स्पॅनिश ऊतिशास्त्र परंपरेतील ते काहाल यांच्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे संशोधक मानले जातात. गुरुस्थानी असलेल्या काहाल यांच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडल्यानंतर त्यांना प्रयोगशाळा सोडावी लागली आणि पुढे यादवी युद्धामुळे देशही सोडावा लागला. आयुष्याची अखेर त्यांनी परदेशात घालवली.

नावाविषयी

स्पॅनिश प्रथेनुसार व्यक्तीच्या नावापुढे आधी वडिलांचे व नंतर आईचे कुलनाम येते. त्यानुसार ‘देल रिओ’ हे त्यांचे पितृकुलाचे आणि ‘ओर्तेगा’ हे मातृकुलाचे नाव होय. स्पॅनिश लेखनात ‘ओर्तेगा’ या शब्दाच्या आरंभी ‘ह’चे अक्षर असते, मात्र ते उच्चारले जात नाही. त्यामुळे काही पुस्तकांत हे नाव ‘होर्तेगा’ असेही आढळते.

बालपण व शिक्षण

पोर्तियो हे स्पेनच्या वायादोलिद प्रांतातील एक लहान गाव आहे. ओर्तेगा यांचा जन्म तेथे झाला. वायादोलिद विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९०५ मध्ये ते पदवीधर झाले. तेथे लेओपोल्दो लोपेस गार्सिया हे ऊतिशास्त्राचे अध्यापक होते. त्यांच्या हाताखाली ओर्तेगा यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. पदवीनंतर त्यांनी काही काळ आपल्याच गावी वैद्यकी केली, पण त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. रुग्णसेवेचा व्यवसाय सोडून ते पुन्हा अभ्यासाकडे वळले व माद्रिद येथे डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला. मेंदूतील गाठी हा त्या प्रबंधाचा विषय होता. या विषयाने त्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही.

त्या काळी स्पेनमध्ये उच्च संशोधनाच्या सोयी अपुऱ्या होत्या. होतकरू तरुणांना परदेशी पाठवण्यासाठी सरकारने एक मंडळ स्थापन केले होते व काहाल त्याचे अध्यक्ष होते. या मंडळाच्या शिष्यवृत्तीवर ओर्तेगा यांनी युरोपातील प्रयोगशाळांतून काम केले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्याने हा अभ्यासदौरा खंडित झाला आणि ते माद्रिदला परतले.

आचुकारो यांच्या प्रयोगशाळेत

माद्रिदमध्ये ओर्तेगा निकोलास आचुकारो यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. आचुकारो त्यांच्याहून अवघ्या दोन वर्षांनी मोठे होते. त्यांनी म्युनिक येथे आलोइस अल्झायमर यांच्याजवळ काम केले होते आणि मेंदूच्या विकारांत चेतापेशींखेरीज इतर पेशींचे काय होते, या प्रश्नाकडे त्यांचे विशेष लक्ष होते. टॅनिन व चांदीचे क्षार वापरून ऊती रंगवण्याची एक पद्धतही त्यांनी बसवली होती. ओर्तेगा यांनी ही पद्धत आत्मसात केली आणि तिच्यात अनेक सुधारणा केल्या.

आचुकारो फार जगले नाहीत. १९१८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. प्रयोगशाळेची जबाबदारी ओर्तेगा यांच्याकडे आली. ही प्रयोगशाळा काहाल यांच्या प्रयोगशाळेच्याच इमारतीत होती. त्यामुळे ते काहाल यांच्या निकट सहवासात आले. काहाल तेव्हा साठी ओलांडलेले, १९०६ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि जगभर कीर्ती पावलेले संशोधक होते.

‘तिसऱ्या घटका’चे कोडे

मेंदू केवळ चेतापेशींचा बनलेला नाही, हे एकोणिसाव्या शतकातच कळून चुकले होते. चेतापेशींच्या अधेमधे असलेल्या भरावाला जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी ‘चेतापेशींना सांधणारा गोंद’ अशा अर्थाचे नाव दिले होते. ग्लिया हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पुढे या भरावात ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशी दिसू लागल्या. १९१३ साली काहाल यांनी सोन्याचे क्षार वापरून या तारकाकार पेशी सुस्पष्ट रंगवण्याची पद्धत शोधली.

मात्र त्याच रंगवलेल्या छेदांत काही पेशी अशा होत्या, की त्यांचे फक्त केंद्रक दिसे. त्यांना फांद्या असल्याचे आढळत नसे. काहाल यांनी चेतापेशींना पहिला, तारकाकार पेशींना दुसरा आणि या उरलेल्या पेशींना तिसरा घटक मानले. तिसऱ्या घटकातील पेशींना फांद्या नाहीत, असे त्यांचे मत होते. त्यापूर्वी जर्मनीत फ्रान्झ निस्ल यांनी विकारग्रस्त मेंदूत दांड्यासारख्या लांबट पेशी पाहिल्या होत्या. स्कॉटलंडच्या विल्यम फोर्ड रॉबर्टसन यांनीही प्लॅटिनमचे क्षार वापरून काही वेगळ्या पेशींचे वर्णन केले होते. परंतु या साऱ्या निरीक्षणांचा परस्परसंबंध कोणालाच लावता आला नव्हता.

रौप्य कार्बोनेट पद्धती

पेशींना फांद्या नाहीत की त्या केवळ रंगत नाहीत, हा खरा प्रश्न होता. ओर्तेगा यांनी तो रंजनपद्धती बदलून सोडवला. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडियम कार्बोनेट मिसळले की साका तयार होतो. हा साका विरघळेपर्यंत त्यात थेंबाथेंबाने अमोनिया घालायचा. फॉर्मॅलिन व अमोनियम ब्रोमाइड यांच्या मिश्रणात टिकवलेल्या मेंदूच्या तुकड्याचे गोठवून पातळ छेद घ्यायचे, ते या द्रावणात बुडवायचे आणि शेवटी फॉर्मॅलिनच्या साहाय्याने पेशींवर शुद्ध चांदी उतरवायची, असा हा क्रम होता. तुकडा किती वेळ टिकवला, किती तापवला व द्रावण किती सौम्य ठेवले, यानुसार वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी रंगत. त्यामुळे पाककृतीप्रमाणे या पद्धतीतही हातखंडा लागे. ओर्तेगा हे अशा कामात निष्णात होते. स्वतःच्या लेखांतील चित्रेही ते स्वतः काढीत आणि ती आजही नमुनेदार मानली जातात.

या पद्धतीने रंगवलेल्या छेदांत तिसऱ्या घटकाच्या पेशींना फांद्या असल्याचे स्पष्ट दिसले. एवढेच नव्हे, तर तो घटक एकजिनसी नसून त्यात दोन सर्वस्वी भिन्न पेशीप्रकार आहेत, हेही उघड झाले. त्यांपैकी एका प्रकारच्या पेशी लहान, बारीक काटेरी फांद्यांच्या आणि साऱ्या मेंदूभर विखुरलेल्या होत्या. १९१९ मध्ये ओर्तेगा यांनी लेखमालेतून त्यांचे वर्णन केले व त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. दुसऱ्या प्रकारच्या पेशींना थोड्या व आखूड फांद्या होत्या. चेतातंतूंच्या जुडग्यांमध्ये त्या ओळीने आढळत. १९२१ मध्ये त्यांना ऑलिगोडेंड्रोग्लिया, म्हणजे मोजक्या फांद्यांच्या ग्लिया पेशी, हे नाव मिळाले. चेतातंतूंवरील मेदावरणाशी या पेशींचा संबंध असावा, हे ओर्तेगा यांनी ओळखले होते. पुढील संशोधनाने ते खरे ठरले.

मेंदूची इजा आणि सफाई करणाऱ्या पेशी

ओर्तेगा यांनी या पेशींचा आकार वर्णन केलाच, शिवाय त्या काय करतात हेही शोधले. प्राण्यांच्या मेंदूला प्रयोगादाखल जखम करून त्यांनी ठराविक कालांतराने तेथील ऊती तपासल्या. निरोगी मेंदूत मायक्रोग्लिया पेशी आपल्या फांद्या पसरून जागच्या जागी असतात. इजा झाली, की त्या फांद्या आखडून घेतात, त्यांचे शरीर फुगते आणि त्या जखमेकडे सरकू लागतात. तेथे पोहोचल्यावर मृत चेतापेशींचे तुकडे, फुटलेले मेदावरण व सांडलेले रक्तकण त्या गिळतात. मेदकणांनी गच्च भरलेल्या गोल पेशी हे त्यांचे अखेरचे रूप होय. अशा गोल पेशी विकृतिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून परिचित होत्या, पण त्या कोठून येतात याविषयी एकमत नव्हते. शांत, फांद्यांची मायक्रोग्लिया आणि गोल, भक्षक पेशी या एकाच पेशीच्या दोन अवस्था आहेत, हे ओर्तेगा यांनी मधल्या सर्व पायऱ्या दाखवून सिद्ध केले.

रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी शरीरात शिरलेले जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचा शोध १८८० च्या दशकात लावला होता. मेंदूतही अशा कायम वस्तीला असणाऱ्या भक्षक पेशी आहेत, ही गोष्ट ओर्तेगा यांच्या कामामुळे निश्चित झाली.

या पेशी मूळच्या मेंदूच्या नाहीत, असेही त्यांचे प्रतिपादन होते. गर्भावस्थेच्या अखेरीस व जन्मानंतरच्या काळात मेंदूच्या आवरणांकडून त्या आत शिरतात आणि मग सर्वत्र पसरतात, असे त्यांनी नवजात प्राण्यांच्या छेदांवरून मांडले. चेतापेशी व तारकाकार पेशी भ्रूणाच्या बाह्यस्तरापासून बनतात. मायक्रोग्लियाचा उगम मात्र मध्यस्तरात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा वाद पुढे कित्येक दशके चालू राहिला. उंदरांवरील संशोधनातून २०१० मध्ये असे दिसून आले, की मायक्रोग्लियाच्या पूर्वज पेशी भ्रूणावस्थेत अगदी लवकर पीतककोशात तयार होतात व तेथून मेंदूत येतात. त्या येण्याचा काळ ओर्तेगा यांच्या अंदाजापेक्षा बराच आधीचा ठरला, पण त्या बाहेरून येतात हे त्यांचे मूळ म्हणणे टिकले.

काहाल यांच्याशी दुरावा

तिसऱ्या घटकाला फांद्या नाहीत, हे काहाल यांचे प्रसिद्ध मत होते. त्यांच्याच इमारतीत काम करणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्याने ते चुकीचे ठरवले. काहाल यांनी १९२० मध्ये मायक्रोग्लियाचे अस्तित्व मान्य केले. मात्र शोधाचा अग्रमान त्यांनी रॉबर्टसन यांना दिला आणि ऑलिगोडेंड्रोग्लियाविषयी ते साशंक राहिले. रॉबर्टसन यांनी पाहिलेल्या पेशी बहुधा ऑलिगोडेंड्रोग्लिया होत्या, मायक्रोग्लिया नव्हेत, असे आज मानले जाते. पण त्या वेळी या श्रेयनिर्णयाने ओर्तेगा दुखावले.

मतभेदाला प्रयोगशाळेतील कुरबुरींची जोड मिळाली. ओर्तेगा हे मानी व हळवे होते, तर काहाल वयोमानाने व आजाराने चिडचिडे झाले होते. सहकारी आणि सेवक यांच्या तक्रारी दोघांच्या कानांवर जात राहिल्या. अखेर १९२० च्या शरद ऋतूत काहाल यांनी पत्र पाठवून ओर्तेगा यांना प्रयोगशाळा सोडण्यास सांगितले.

तरीही हा दुरावा सर्वस्वी वैराचा नव्हता. काहाल अध्यक्ष असलेल्या मंडळानेच ओर्तेगा यांना माद्रिदमधील ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ या विद्यार्थी निवासात स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. काळाच्या ओघात उभयतांमधील कटुता बरीचशी निवळली. १९३४ साली काहाल यांचे निधन झाले. या संबंधांविषयी ओर्तेगा यांनी लिहिलेल्या आठवणी ‘एल माएस्त्रो इ यो’ (गुरू आणि मी) या नावाने १९८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एक्केचाळीस वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या.

रेसिदेन्सियातील वर्षे

१९१० मध्ये स्थापन झालेले हे निवास त्या काळच्या स्पॅनिश बुद्धिजीवनाचे केंद्र होते. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का, चित्रकार साल्व्हादोर दाली आणि चित्रपट दिग्दर्शक लुइस बुन्युएल हे तेथे राहिले होते. त्याच परिसरात हुआन नेग्रीन यांची शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा होती. भावी नोबेल मानकरी सेव्हेरो ओचोआ यांनी तेथेच संशोधनाचे पहिले धडे घेतले. ओर्तेगा यांची प्रयोगशाळा लहान होती व साधनेही बेताची होती, तरी तेथे देशोदेशींचे अभ्यासक येऊ लागले.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वाइल्डर पेनफिल्ड हे होत. न्यू यॉर्क येथे मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या या तरुण शल्यविशारदाला एक प्रश्न पडला होता. डोक्याला मार बसलेल्या काही रुग्णांना जखम भरून आल्यावर कालांतराने अपस्माराचे झटके येऊ लागतात. मेंदूत राहिलेल्या व्रणाचा यात हात असावा, अशी त्यांची अटकळ होती. पण व्रण कोणत्या पेशींचा बनतो, हे दाखवणारी रंजनपद्धती त्यांच्याकडे नव्हती. ती शिकण्यासाठी १९२४ मध्ये ते माद्रिदला आले व काही महिने ओर्तेगा यांच्याजवळ राहिले. ऑलिगोडेंड्रोग्लियाविषयीच्या ओर्तेगा यांच्या निष्कर्षांना पेनफिल्ड यांच्या कामाने दुजोरा मिळाला. पुढे पेनफिल्ड यांनी माँट्रियल येथे प्रख्यात चेताविज्ञान संस्था उभारली. त्यांनी १९३२ मध्ये चेतासंस्थेच्या पेशीविज्ञानावर तीन खंडांचा ग्रंथ संपादित केला. त्यातील मायक्रोग्लियावरील प्रकरण ओर्तेगा यांनी लिहिले असून इंग्रजी वाचकांना त्यांच्या कामाचा परिचय मुख्यतः त्यातूनच झाला.

इसाक कोस्तेरो हे ओर्तेगा यांचे आणखी एक नामवंत शिष्य होत. त्यांनी शरीराबाहेर, काचपात्रात मायक्रोग्लिया पेशी वाढवून त्यांची हालचाल व भक्षणक्रिया प्रत्यक्ष पाहिली.

कर्करोगविषयक कार्य

मेंदूत सामान्यतः कोणत्या पेशी असतात हे ठरल्यावर, मेंदूतील गाठी कोणत्या पेशींपासून निघतात हे ठरवणे शक्य झाले. ओर्तेगा यांनी आपल्या रंजनपद्धतीने असंख्य गाठी तपासून त्यांचे वर्गीकरण केले. माद्रिद येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी ते निगडित होते आणि १९३१ मध्ये ते तिचे संचालक झाले. १९३३ साली माद्रिदमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषदेत त्यांनी चेतासंस्थेच्या गाठींवरील आपले विस्तृत काम सादर केले. १९२९ आणि १९३७ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते, परंतु पारितोषिक मिळाले नाही.

यादवी युद्ध व देशत्याग

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस लढाई माद्रिदच्या वेशीवर येऊन ठेपली आणि कर्करोग संस्थेचा परिसर आघाडीत सापडला. ओर्तेगा यांचा ओढा प्रजासत्ताकाच्या बाजूने होता. व्हॅलेन्सियामार्गे ते पॅरिसला गेले. तेथे क्लोव्हिस व्हँसाँ या शल्यविशारदांच्या विभागात त्यांनी मेंदूतील गाठींचा अभ्यास चालू ठेवला. त्यानंतर ऑक्सफर्ड येथे ह्यू केर्न्स यांनी त्यांना आसरा दिला. केर्न्स हे डोक्याच्या दुखापतींवरील उपचारांत अग्रगण्य होते. मोटारसायकलस्वारांनी शिरस्त्राण वापरावे, यासाठी पुढे त्यांनी केलेले संशोधन सुप्रसिद्ध आहे. मेंदूच्या इजेवर शस्त्रक्रिया करणारा वैद्य आणि त्या इजेतील पेशींचा जाणकार हे अशा रीतीने काही काळ एकत्र आले.

दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागल्यावर इंग्लंडमध्येही संशोधन अवघड झाले. स्पेनमध्ये जनरल फ्रांको यांची सत्ता स्थिर झाल्याने मायदेशी परतण्याची वाट बंद होती. १९४० मध्ये ओर्तेगा आर्जेन्टिनाला गेले. ब्वेनोस आइरेस येथील स्पॅनिश सांस्कृतिक संस्थेने त्यांना प्रयोगशाळा उभारून दिली. तेथे त्यांनी नवे शिष्य घडवले आणि १९४२ मध्ये ऊतिशास्त्राला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिसऱ्यांदा सारे नव्याने मांडून त्यांनी हे काम केले.

मृत्यू

ज्या रोगाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला, त्या कर्करोगानेच १ जून १९४५ रोजी ब्वेनोस आइरेस येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. निकोलास गोमेस देल मोराल हे त्यांचे दीर्घकाळचे सहचर होते. स्पेनमध्ये लोकशाही परत आल्यानंतर, १९८६ मध्ये, त्यांचे अवशेष वायादोलिदला आणून मान्यवरांच्या स्मारकात ठेवण्यात आले. त्या शहरातील विद्यापीठीय रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पेशीच्या आतील सफाई : पुढील संशोधन

ओर्तेगा यांनी एका पेशीने दुसऱ्या पेशीचे अवशेष उचलणे पाहिले. गिळलेल्या वस्तूचे पेशीच्या आत पुढे काय होते, हे समजण्यास त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षे जावी लागली. १९५५ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दुव्ह यांनी पाचक विकरांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्यांचे वर्णन केले. शालेय पुस्तकांत त्यांना लयकारिका म्हणतात. पेशी बाहेरच्या कचऱ्याप्रमाणे स्वतःची झिजलेली पेशीअंगकेही या पिशव्यांच्या हवाली करते, असे दिसून आले. या क्रियेला १९६३ मध्ये द दुव्ह यांनी स्वभक्षण अशा अर्थाचे नाव दिले. खराब झालेल्या तंतुकणिका किंवा गोळा झालेली प्रथिने यांच्याभोवती प्रथम दुहेरी पटलाची पिशवी तयार होते, ती लयकारिकेशी जुळते आणि आतील पदार्थ विघटित होऊन पुन्हा वापरात येतात. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्ट पेशींवर प्रयोग करून या क्रियेमागील जनुके शोधली. त्याबद्दल त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चेतापेशींच्या बाबतीत या क्रियेला विशेष महत्त्व आहे. बहुतेक पेशी विभाजन पावून आपला साचलेला कचरा वाटून टाकू शकतात. प्रौढ चेतापेशी विभाजित होत नाहीत. त्यामुळे आतील सफाई हाच त्यांच्यापुढील मार्ग असतो. चेतापेशींतील स्वभक्षणाची आवश्यक जनुके काढून टाकलेल्या उंदरांत, दुसरा कोणताही आघात न होता, प्रथिनांचे साठे जमतात व चेतापेशींचा ऱ्हास होतो, हे जपानी संशोधकांच्या दोन गटांनी २००६ मध्ये दाखवले.

डोक्याला मार बसल्यावर होणारे नुकसान दोन टप्प्यांत असते. आघाताच्या क्षणी काही पेशी फाटतात वा चिरडतात. त्यानंतरच्या तासांत व दिवसांत सूज, रक्तपुरवठ्यातील अडथळा आणि दाह यांमुळे आणखी पेशी मरतात. पहिला टप्पा टाळणे शिरस्त्राण किंवा आसनपट्टा यांच्या हाती असते. वैद्यकाला जे करता येण्यासारखे आहे, ते मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात. इजा झालेल्या मेंदूत स्वभक्षणाच्या पिशव्यांची संख्या वाढलेली आढळते. ही वाढ सफाई जोरात चालू असल्याची खूण, की तुंबल्याची, यावर बराच काळ मतभेद होते. भरलेल्या गाड्या रस्त्यावर वाढल्या, तर कचरा जोमाने उचलला जातो आहे, असा अर्थ होईल; कचराभूमीचे दार बंद असल्याने गाड्या खोळंबल्या आहेत, असाही होईल. उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत दुसऱ्या शक्यतेला आधार मिळाला. आघाताने लयकारिकांची पटले बिघडतात, त्यामुळे पिशव्या भरतात पण रित्या होत नाहीत, आणि अशा चेतापेशी मृत्यूच्या मार्गाला लागतात.

मायक्रोग्लियामध्येही स्वभक्षणाची क्रिया चालते. इजेनंतर तेथे ती मंदावली, तर या पेशी दाह वाढवणारे पदार्थ अधिक काळ स्रवत राहतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. याचा अर्थ, बाहेरची सफाई करणाऱ्या पेशीचे स्वतःचे आतले घर स्वच्छ नसेल, तर तीच उपद्रवी ठरते. स्वभक्षण वाढवणाऱ्या रॅपामायसिनसारख्या औषधांचे काही प्रयोग उंदरांत आशादायक ठरले आहेत. तथापि स्वभक्षण अवाजवी वाढल्यास ते पेशीला घातकही होऊ शकते. मेंदूच्या इजेवरील मानवी उपचार म्हणून असे कोणतेही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही.

मूल्यमापन

ओर्तेगा यांच्या शोधांना मान्यता मिळाली, तरी त्यांचे नाव काहाल यांच्याइतके सर्वतोमुखी झाले नाही. त्यांचे बहुतेक लेखन स्पॅनिश भाषेत होते, त्यांची रंजनपद्धती इतरांना सहज साधत नव्हती आणि देशत्यागामुळे त्यांची शिष्यपरंपरा विखुरली. विसाव्या शतकाच्या मध्यात मायक्रोग्लिया ही स्वतंत्र पेशी आहे की नाही, याविषयीही काही संशोधक शंका घेत होते. शतकाच्या अखेरच्या दशकांत या पेशी ओळखण्याच्या नव्या पद्धती आल्यावर चित्र पालटले. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूतील मायक्रोग्लिया पेशींचे प्रत्यक्ष चित्रण झाले. त्यांच्या फांद्या विश्रांतीच्या अवस्थेतही सतत हलत भोवतालचा कानोसा घेतात आणि बारीकशी इजा होताच काही मिनिटांत त्या दिशेने वळतात, हे त्यात दिसले. मृत ऊतींच्या स्थिर छेदांवरून ओर्तेगा यांनी ज्या हालचालीचे अनुमान केले होते, तिला यामुळे पुष्टी मिळाली.

अल्झायमर रोग, मेदावरणाचे विकार, पक्षाघात व डोक्याची दुखापत यांच्या संशोधनात मायक्रोग्लिया आज मध्यवर्ती स्थानी आहेत. त्यांचा उल्लेख करणाऱ्या जुन्या ग्रंथांत त्यांना कधीकधी ‘ओर्तेगा पेशी’ असेही म्हटलेले आढळते.